९० च्या दशकातला सर्वोत्तम गोलकीपर कोण?

निशाचर
स्ट्रायकर लोकांवर इथे धाग्यांवर धागे निघालेत. रोमारिओ मोठा की बाज्जिओ, बातिस्तुता की रोनाल्डो, यावर कुस्त्या झाल्या, एकदा तर संपादकांना धागा कुलूपबंद करावा लागला. गोलकीपरला मात्र कुणी विचारत नाही. म्हटलं आपणच काढावा.

कालखंड १९९० ते १९९९. इटलीचा वर्ल्ड कप हे इकडचं टोक, बार्सिलोनातली ती चॅम्पियन्स लीग फायनल तिकडचं. याशिन, झोफ, बँक्स या मंडळींना नमस्कार करून बाजूला बसवू. बुफॉनलाही, त्याचं राज्य नंतरचं.

माझं मत: पीटर श्मायकेल. मँचेस्टर युनायटेडने काय काय जिंकलं ते सांगू नका, मला पाठ आहे, आणि माझं कारण ते नाहीच. माझं कारण १९९२ साल. तोवर बॅकने, म्हणजे आपल्याच बचावपटूने, पायाने मागे दिलेला बॉल कीपर खुशाल हातात घ्यायचा. एका गोलची आघाडी मिळाली की उरलेला वेळ दोघं आपसात देवाणघेवाण करत काढायचे. १९९० च्या वर्ल्ड कपला ५२ मॅचमध्ये ११५ गोल, म्हणजे मॅचमागे सव्वादोनसुद्धा नाहीत. मग नियम आला: आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही. ज्यांनी आयुष्यभर हातावर पोट भरलं त्यांना तिशीला टेकल्यावर पायाने खेळायला शिकावं लागलं.

जून ९२ चा युरो हा जुन्या नियमाखालचा शेवटचा मोठा टूर्नामेंट. फायनलला जर्मनीविरुद्ध आघाडी घेतल्यावर डेन्मार्कने श्मायकेलकडे बॉल देऊन देऊन वीट आणला आणि कप घेऊन गेले. दोन महिन्यांत नवा नियम लागू, आणि त्याच मोसमात हाच माणूस युनायटेडला २६ वर्षांनी लीग जिंकून देतो. दोन्ही नियमांत पहिला नंबर. असा दुसरा दाखवा.

नाव द्या, सोबत एक तरी सेव्ह सांगा. नुसता "तो भारी होता" असा प्रतिसाद धरला जाणार नाही.

डावखुरा
पॅराग्वेचा चिलाव्हर्ट. विषय संपला.

निशाचर
@डावखुरा, सेव्ह?

डावखुरा
तो सेव्ह करत नाही, गोल करतो. वाचा जरा.

गडहिंग्लजकर
निशाचर भावा, धागा नाद खुळा. पण युनायटेडवाल्यांना वाटतंय फुटबॉल ९२ ला जन्माला आलं.

सर्जिओ गोयकोचिया. बास.

सांगतो ऐका. ९० च्या वर्ल्ड कपला हा गडी अर्जेंटिनाचा दुसरा कीपर. रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएतच्या मॅचला पुम्पिदोचा पाय मोडला आणि ह्याला आत ढकलला. पुढं क्वार्टरला युगोस्लाव्हिया, पेनल्टीवर गेलं. मॅराडोनाची स्वतःची पेनल्टी गेली, म्हणजे खेळ खलास. तर ह्या गड्यानं ब्रनोविच आणि हाद्झिबेगिच दोघांच्या अडवल्या. सेमीला इटली, ते बी नेपल्समध्ये. डोनाडोनी अडवला, सेरेना अडवला. एका बदली कीपरनं यजमानांना त्यांच्याच घरात रडवलं!

आमच्याकडं तेव्हा दूरदर्शनवर मॅच रात्री साडेअकराला सुरू. सेरेनाची अडवल्यावर गल्लीत जो दंगा झाला, त्यात कुणाच्या तरी दाराची कडी तुटली. दुसऱ्या दिवशी ब्राझीलवाली पोरं तोंड लपवून फिरत होती. ब्राझीलला तर आम्ही आधीच घरी पाठवलेलं.

बाबुराव८६
गडहिंग्लजकर, "आम्ही" घरी पाठवलं? तुम्ही कोणत्या पोझिशनला खेळत होतात? 😀

गडहिंग्लजकर
लेफ्ट विंग. टीव्हीच्या डाव्या बाजूला बसायचो.

उंटावरचा शहाणा
गोयकोचियाची खरी ट्रिक कुणी सांगणार आहे की मी सांगू? युगोस्लाव्हियाच्या मॅचला एक्स्ट्रा टाइम झाला आणि साहेबांना लघवी लागली. मैदान सोडून जाता येत नाही. मग पोरांनी कडं केलं आणि कार्यक्रम तिथेच, गवतावर. जिंकले. मग इटलीविरुद्ध शकुन म्हणून परत तेच. हे त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलंय, मी मनाचं काही घालत नाही.

फायनलला पेनल्टी शूटआउटच झालं नाही, म्हणून हरले. ब्रेमेने ८५ व्या मिनिटाला पेनल्टी मारली तेव्हा तयारीला वेळच मिळाला नाही बिचाऱ्याला.

कोकणकन्या
ई!! मी चहा पितेय.

म्युनिकवासी
त्याच फायनलमध्ये दुसऱ्या बाजूला कोण होतं हे कुणाला आठवतंय का? बोडो इल्गनर. वर्ल्ड कप फायनलमध्ये एकही गोल न खाणारा इतिहासातला पहिला गोलकीपर. अर्थात त्या रात्री अर्जेंटिनाने त्याला काही काम दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पण जर्मन कीपर म्हटलं की सगळे थेट कानवर येतात. ऑलिव्हर कानचं खरं दशक पुढचं. ९० च्या दशकात जर्मनीचा माणूस होता आंद्रियास कोप्के. ९६ चा युरो आठवा, वेम्बलीवर सेमी, साउथगेटची पेनल्टी. अडवली ती कोप्केने. सगळं जग आजतागायत साउथगेटला बोल लावतं, अडवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. निशाचर म्हणतात तेच, गोलकीपरला कुणी विचारत नाही.

आणि येन्स लेहमन. डिसेंबर ९७, शाल्के विरुद्ध डॉर्टमुंड, शेवटच्या क्षणी पुढे जाऊन हेडर मारून २-२ केली. चिलाव्हर्टच्या भक्तांनी लक्षात घ्यावं, ती पेनल्टी नव्हती आणि फ्री किकही नव्हती.

डावखुरा
म्युनिकवासी, सगळं कबूल, पण एक हेडर म्हणजे चिलाव्हर्ट नव्हे. आता तपशिलात सांगतो, म्हणजे निशाचरांचं समाधान होईल.

१ सप्टेंबर १९९६, ब्यूनोस आयर्स, वर्ल्ड कप पात्रता फेरी. अर्जेंटिनाच्या घरात चिलाव्हर्ट लांबवरून फ्री किक मारतो आणि गोल. १-१. ९८ च्या वर्ल्ड कपला बल्गेरियाविरुद्ध फ्री किक मारायला आपला गोल सोडून एवढ्या लांब चालत आला, आणि गोल थोडक्यात हुकला. ९९ ला व्हेलेझ क्लबकडून पेनल्टीवर हॅटट्रिक. गोलकीपरची हॅटट्रिक!

आता हातांबद्दल. फ्रान्स ९८ ला पॅराग्वेने चार मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले. स्पेनविरुद्ध शून्य, बल्गेरियाविरुद्ध शून्य. यजमान फ्रान्सला लेन्समध्ये जवळजवळ दोन तास रोखून धरलं आणि मग ब्लांकचा गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाइममध्ये गोल झाला की मॅच तिथेच संपली), वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला. गोल खाल्ल्यावर पॅराग्वेची पोरं जमिनीवर पडून रडत होती. चिलाव्हर्ट एकेकाला हाताला धरून उठवत होता. तेवढं एक दृश्य पुरे आहे मला.

श्मायकेलच्या पुढे ब्रूस, पॅलिस्टर आणि नंतर स्टाम. पॅराग्वेकडे गामारासारखा बॅक होता हे खरं, पण बाकी टीमचा खर्च बेकहमच्या केस कापण्याएवढा असेल.

चौथा_अंपायर
लेन्सच्या मॅचमध्ये गामारा खांद्याला दुखापत असताना हात बांधून खेळला होता. त्यालाही श्रेय द्या. पूर्ण वर्ल्ड कपमध्ये त्याच्या नावावर एकही फाउल नाही. चिलाव्हर्टचा अर्धा पराक्रम गामाराचा आहे.

मडगांवचो
अरे वा, इथे फुटबॉलवर बोलतात हे आजच कळलं. मला वाटलेलं मराठी साइटवर फक्त क्रिकेट.

माझं मत मिशेल प्रुदोम, बेल्जियम. ९४ च्या वर्ल्ड कपला सर्वोत्तम गोलकीपरचं याशिन अवॉर्ड पहिल्यांदा दिलं गेलं ते ह्याला. आणि त्याची टीम प्री-क्वार्टरलाच बाहेर, जर्मनीकडून ३-२. विचार करा, चारच मॅच खेळून टाफारेल, पाग्लिउका, राव्हेली या सगळ्यांना मागे टाकलं. हॉलंडविरुद्धची ऑर्लँडोतली मॅच बघा, बेल्जियम १-०. हॉलंडवाले मारत होते आणि हा उडत होता. तेव्हा वय पस्तीस. त्यानंतर तो लिस्बनला बेन्फिकात आला आणि दशक संपेपर्यंत तिथेच खेळला. आमच्याकडे बेन्फिका मानणारी घरं अजून आहेत, म्हणून आम्हाला तो घरचा वाटायचा. माझा मामा त्याचं नाव घेताना टोपी काढायचा.

उंटावरचा शहाणा
मडगांवचो, ९४ ला सौदीच्या ओवैरानने आपल्या हाफमधून अर्धी बेल्जियम टीम कापत नेऊन जो गोल मारला, तो कुणाला मारला? 😇

मडगांवचो
तोच. आणि पुढचे पाच जण आडवे झाल्यावर गोलकीपरने काय करायचं? पोलिसात तक्रार?

कोकणकन्या
हाहा, मामा आवडले.

मला एक सांगा, हॉर्हे कॅम्पोसचं नाव अजून कसं नाही आलं? पाच फूट सहा-सात इंच उंची. मेक्सिकोत क्लबकडून खेळताना कधी गोलात, कधी चक्क स्ट्रायकर. आणि ती जर्सी! गुलाबी, पिवळा, हिरवा, केशरी, सगळे एकत्र आणि तेही अंधारात चमकतील असे. स्वतःच डिझाइन करायचा. अकापुल्कोचा, समुद्राकाठी वाढलेला, त्यामुळे सर्फिंगवाल्यांसारखे कपडे. आमच्या रंगीत टीव्हीचे पैसे ९४ ला कॅम्पोसमुळे वसूल झाले असं बाबा म्हणायचे.

बाबुराव८६
ताई, आमचा टीव्ही कृष्णधवल होता. आम्हाला कॅम्पोस नुसता बुटका दिसला.

टॅकल_पाटील
रंगाचा विषय निघालाच आहे तर रेने हिगीटा. बोला काय बोलायचंय.

६ सप्टेंबर १९९५, वेम्बली, इंग्लंड-कोलंबिया मैत्रीपूर्ण सामना. रेडनॅपचा क्रॉस गोलाकडे येतोय, सरळ हातात घेता आला असता. हा गडी पुढे झेप घेतो, पाय पाठीवरून वर आणि टाचांनी बॉल बाहेर. विंचवाची नांगी! मी पंधरा-वीस वेळा रिवाइंड करून पाहिलं असेल, व्हिडिओ कॅसेट झिजली.

चौथा_अंपायर
आणि ९० ला रॉजर मिलाने त्याच्या पायातून बॉल काढून घेतला, तेव्हा कॅसेट होती का?

नेपल्स, कोलंबिया-कॅमेरून, एक्स्ट्रा टाइम. हिगीटा गोलापासून मैलभर बाहेर येऊन ड्रिबल करत होता. समोर ३८ वर्षांचा मिला. बॉल काढला, मोकळ्या गोलात मारला, झेंड्यापाशी नाचला. कोलंबिया २-१ हरून घरी. गोलकीपर करमणुकीसाठी नसतो हो. ज्या दिवशी तो कुणाच्या लक्षात राहत नाही, तो त्याचा चांगला दिवस.

निशाचर
चौथा अंपायर, यावर माझं थोडं वेगळं मत आहे. हिगीटा वेडा होता हे खरं, पण बॅकपासचा नियम यायच्या आधी पायाने खेळून बॅकच्या मागची जागा सांभाळणारा गोलकीपर तोच. ९२ नंतर सगळ्यांना जे सक्तीने करावं लागलं ते हा हौसेने करत होता. व्हॅन डर सार ९५ च्या आयाक्समध्ये जे करायचा, ते हिगीटाचंच संसारी रूप.

म्युनिकवासी
संसारी हिगीटा 👌

व्हॅन डर सार या धाग्यात खरं तर वरती हवा. ९५ च्या आयाक्सने युरोप जिंकला, फायनलला मिलानला १-०. त्याला दोन्ही पायांनी पास द्यायला काही वाटायचं नाही. बॉल आला की इतर कीपर घाबरून लांब भिरकावायचे, हा मान वर करून माणूस शोधायचा. पण पुढच्याच वर्षी रोममध्ये युव्हेंटसच्या पेरुझीने डेव्हिड्स आणि सिलूयच्या पेनल्टी अडवून कप नेला. पेरुझीचं नाव इथे कुणी घेणार नाही याची खात्री होती, म्हणून मीच घेतो.

टॅकल_पाटील
इटलीचे कीपर काढले तर धागा संपायचा नाही. झेंगा, पाग्लिउका, पेरुझी, मार्केजानी, टोल्डो. एका दशकात एवढे, आणि सगळे जगात पहिल्या दहात.

झेंगाचं मला वाईट वाटतं. ९० ला सलग ५१७ मिनिटं एकही गोल खाल्ला नाही. वर्ल्ड कपचा विक्रम. आणि मग अर्जेंटिनाच्या कानिजियाचं ते हेडर, ज्यात झेंगा बाहेर आला आणि बॉलपर्यंत पोचलाच नाही. लोकांना ५१७ मिनिटं आठवत नाहीत, तेवढा एक सेकंद आठवतो.

गडहिंग्लजकर
ते हेडर मला पण आठवतंय. लई भारी हेडर.

बाबुराव८६
पाग्लिउकावरून आठवलं. ९४ ची फायनल, अमेरिकेतल्या रोझ बोल मैदानावर, आपल्याकडे रात्री एक वाजता. माउरो सिल्व्हाचा लांबून फटका, पाग्लिउकाच्या हातातून निसटला, पोस्टला लागून परत त्याच्या हातात. गड्याने हातमोज्याचं चुंबन घेऊन ते पोस्टला लावलं. आमच्या घरी आजी जागी होती, ती म्हणाली, "खांबाचे पाया पडतोय बघ, माणूस चांगला दिसतोय."

त्याच स्पर्धेत नॉर्वेविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं होतं, वर्ल्ड कपमध्ये बाहेर काढलेला पहिला गोलकीपर. कोच साकीने दुसरा कीपर आत आणायला बाहेर कुणाला काढलं? बाज्जिओला! कॅमेऱ्याने बाज्जिओचं तोंड पकडलं, ओठ हलत होते. काय म्हणाला ते इटालियन न येणाऱ्यालाही कळलं.

निशाचर
आणि त्याच फायनलला समोर टाफारेल. ब्राझीलचे लोक गोलकीपरची चेष्टा करतात, पण या माणसाने सात मॅचमध्ये तीन गोल खाल्ले आणि मासारोची पेनल्टी अडवली. ९८ च्या सेमीला हॉलंडच्या कोकू आणि रोनाल्ड डी बोअरच्या अडवल्या. दोन वर्ल्ड कपमध्ये दोन शूटआउट, दोन्ही जिंकले. बाज्जिओने वरून मारला हे सगळ्यांना पाठ, टाफारेलचा मासारो कुणालाच नाही.

कोकणकन्या
मला राव्हेली आवडायचा, स्वीडनचा. डोळे वटारून, हातवारे करून, मैदानावर सतत स्वतःशीच बोलत. रुमानियाविरुद्ध पेट्रेस्कू आणि बेलोडेडिच दोघांच्या अडवून स्वीडनला सेमीत नेलं. त्याचा चेहरा बघूनच स्ट्रायकरला धडकी भरत असेल.

आता एक गोष्ट सगळ्यांना विचारते. एवढे प्रतिसाद झाले, एकाही बाईचं नाव नाही. रोझ बोलचा विषय काढलात ना? त्याच मैदानावर १० जुलै १९९९ ला महिला वर्ल्ड कपची फायनल झाली, अमेरिका-चीन. ९०,१८५ प्रेक्षक. १२० मिनिटं गोल नाही, पेनल्टी. तिसऱ्या किकला लिउ यिंग आली आणि ब्रायना स्करीने डावीकडे झेप घेऊन अडवली. नंतर चॅस्टेनने जर्सी काढून केलेला जल्लोष जगभर छापला गेला. तो जल्लोष शक्य झाला स्करीच्या त्या एका सेव्हमुळे.

मी शाळेत असताना मुलींची टीम काढायचा प्रयत्न केला होता. सरांनी विचारलं, गोलात कोण उभं राहणार, मुलींना बॉल लागेल. मीच राहिले. हातमोजे नव्हते म्हणून दादाचे विकेटकीपिंगचे आतले सुती इनर घातले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिकटपट्टीने एकत्र बांधायचं, नाहीतर जोराचा बॉल आला की करंगळी मागे वळते. हे कुणी शिकवलं नाही, एकदा वळल्यावर कळलं.

मडगांवचो
कोकणकन्या, जबरदस्त. स्करीला माझं मत दुसऱ्या नंबरला. प्रुदोम पहिला, मामाचा धाक आहे.

चौथा_अंपायर
स्करीची सेव्ह चांगली, पण किक बसायच्या आधी ती रेषेच्या पुढे आली होती. नियमाप्रमाणे परत मारायला हवी होती.

कोकणकन्या
अंपायर साहेब, ९० पासूनच्या सगळ्या पेनल्टी बघा आणि रेषेवर उभा राहिलेला एक तरी पुरुष दाखवा. मग बोलू.

चौथा_अंपायर
मुद्दा रास्त आहे. जिल्हा पातळीवर शिट्टी फुंकली आहे म्हणून सविस्तर लिहितो, कारण या धाग्यात पेनल्टी फार झाल्या.

१९९७ पर्यंत कायद्याने कीपरला किक बसेपर्यंत पाय हलवायचेच नव्हते. रेषेवर पुतळा. ९७ ला बदल झाला: पुढे यायचं नाही, पण रेषेवर डावी-उजवीकडे सरकलं तर चालेल. त्याच वर्षी आपल्या माणसाचा थ्रो-इन हातात घेणंही बंद झालं. ९२ च्या नियमातली ती एक फट राहिली होती, बॅक थ्रो-इन सरळ कीपरच्या हातात टाकायचे.

म्हणजे गोयकोचिया ९० ला, टाफारेल आणि राव्हेली ९४ ला, सीमन आणि कोप्के ९६ ला, हे सगळे कागदावर तरी पाय न हलवता अडवणारे. टाफारेलची ९८ ची सेमी, अर्जेंटिनाच्या रोआने इंग्लंडच्या इन्स आणि बॅटीच्या अडवल्या त्या, श्मायकेलने ९९ ला एफए कपच्या सेमीत बर्गकॅम्पची अडवली ती, आणि स्करी, हे नव्या नियमाखाली. कागदावर म्हटलं, कारण प्रत्यक्षात सगळेच हलायचे आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. पहिल्या किकला शिट्टी मारली तर शेवटपर्यंत मारावी लागते, आणि मैदानाबाहेर सुरक्षित पोचायचंही असतं.

गडहिंग्लजकर
म्हणजे गोयकोचिया नंबर एक. पाय न हलवता चार अडवल्या. अंपायरनं शिक्का मारला.

चौथा_अंपायर
असं मी म्हटलेलं नाही.

गडहिंग्लजकर
स्क्रीनशॉट काढला हाय.

टॅकल_पाटील
इंग्लंडच्या सीमनचं नाव आलंच आहे तर: ९६ चा युरो, स्कॉटलंडचा मॅकॅलिस्टर, पेनल्टी मारायच्या ऐन क्षणी बॉल जागचा किंचित हलला, आणि सीमनने कोपराने वर उडवली. त्याच मॅचमध्ये लगेच गॅस्कॉइनचा गोल. पण आदल्या वर्षी पॅरिसला नायीमने जवळजवळ अर्ध्या रेषेवरून, १२० व्या मिनिटाला, आर्सेनलकडून खेळणाऱ्या सीमनच्या डोक्यावरून गोल मारून झारागोझाला कप जिंकून दिला होता. आर्सेनलवाले अजून झोपेत ओरडतात.

उंटावरचा शहाणा
आर्सेनलवाले कशानेही झोपेत ओरडतात.

बाबुराव८६
थोडं अवांतर. भारतातलं कुणी?

मडगांवचो
ब्रह्मानंद शंखवाळकर! ताळगावचे. साळगावकरकडून खेळले, भारताचे कॅप्टन. खेळण्याचा बहर ८० च्या दशकातला, म्हणून या धाग्यात बसत नाहीत, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ ला. म्हणजे सरकारच्या हिशोबाने ते ९० च्या दशकातलेच.

पावसाळ्यात आमच्या मैदानावर गोलासमोर तळं साचतं. तिथे कीपर कॉर्नरला उभा राहतो तेव्हा बघावं. जवळच्या पोस्टला पाठ लावत नाही, एक पाऊल मागे आणि गोलाच्या मध्याकडे. ओला बॉल पकडायला जात नाही, दोन्ही मुठी एकत्र करून लांब बाहेर. कारण ओला बॉल हातात थांबेल याचा भरवसा नाही आणि खाली पडला तर चिखलात तिथेच थांबतो, पुढचं काम स्ट्रायकरचं सोपं. टीव्हीवरचे कीपर बॉल छातीशी धरतात ते बघून आमची पोरं तसं करायला जातात आणि गोल खातात.

गडहिंग्लजकर
आमच्याकडं उलटं. सीझन हिवाळ्यापास्नं उन्हाळ्यापर्यंत, ग्राउंड वाळून खडंग. डाइव्ह मारली की कोपर आणि कंबरेचं हाड सोलून निघतंय. आमचा एक कीपर ट्रॅक पँटच्या आत गादीचा फोम शिवून घ्यायचा. कमिटीनं मॅट, जाळी, काय काय देतो म्हणून सांगितलं, दिलं काय? तर चहा. तरीबी गडी उड्या मारतोयच.

डावखुरा
चिलाव्हर्टने या दोन्ही ग्राउंडवर फ्री किक मारली असती.

निशाचर
डावखुरा, तुमची चिकाटी बघून गोल मान्य करावासा वाटतोय.

मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढं वाचून माझं मत बदललं का? पहिला नंबर नाही बदलला. श्मायकेलबद्दल एक गोष्ट वर लिहायची राहिली ती लिहितो. त्याच्या सेव्ह इतर कीपरांसारख्या दिसायच्याच नाहीत. स्ट्रायकर एकटा समोर आला की हा आडवा पडायचा नाही, हातपाय चारी दिशांना फाकवून अंगावर उडी घ्यायचा. लहानपणी हँडबॉल खेळला होता, तिथला कीपर असाच अडवतो. आणि बॉल हातात आला की एका फेकीत अर्ध्या रेषेपलीकडे, गिग्ज किंवा काँचेल्स्किसच्या पुढ्यात. बॅकपासच्या नियमाने बाकीच्यांना पायाने पास शिकावे लागले, याने हातानेच तेवढं अंतर कापलं. फर्ग्युसनने ९१ ला ब्रॉन्डबीकडून पाच लाख पाउंडांच्या आसपास घेतला होता. आज त्या पैशात त्याचे हातमोजेही येणार नाहीत.

दुसऱ्या नंबरवर मात्र आता प्रुदोम. आधी माझ्या यादीत तो नव्हताच. काल रात्री हॉलंडची मॅच पुन्हा पाहिली. मामांना नमस्कार सांगा.

मडगांवचो
मामा वर गेले, पण पोचवतो.

म्युनिकवासी
माझी यादी: श्मायकेल, व्हॅन डर सार, कोप्के. फ्रान्सच्या बार्थेझबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून एक ओळ: ९८ ला सात मॅच, दोन गोल, त्यातला एक पेनल्टीवर. ब्लांकने टक्कल चुंबून चुंबून गुळगुळीत केलं.

उंटावरचा शहाणा
ते आधीपासून गुळगुळीत होतं.

कोकणकन्या
माझी यादी: स्करी, राव्हेली, कॅम्पोस. कॅम्पोसचं मत जर्सीला आहे, मान्य.

डावखुरा
चिलाव्हर्ट, चिलाव्हर्ट, चिलाव्हर्ट.

बाबुराव८६
डावखुरांची हॅटट्रिक. तीही पेनल्टीवर.

गडहिंग्लजकर
गोयकोचिया. आणि निशाचर, पुढचा धागा ८० च्या दशकावर काढा. पुम्पिदो, शुमाखर, दासाएव, बॅट्स सगळे घेऊ. शुमाखरनं ८२ ला बॅटिस्टनला जी धडक मारली त्यावर म्युनिकवासींकडून खुलासा पायजे.

म्युनिकवासी
त्या विषयावर मी सुट्टीवर आहे.